स्प्रिंग आधी, साचा नंतर

घरगुती वापराची एखादी वस्तू अधिक सोयीची कशी करता येईल, याची कल्पना अनेकांना सुचत असते. कागदावर आकृती निघते, घरच्यांची दाद मिळते आणि मग प्रश्न उभा राहतो तो ही वस्तू करून देणार कोण, याचा. भोसरी, चाकण, वसई, साकीनाका अशा औद्योगिक वसाहतींत कारखान्यांची वाण नाही. तरीही 'दहा नग करून हवेत' असे म्हणत जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी चहा मिळतो, होकार मिळत नाही. त्यातही वस्तू स्प्रिंगवर चालणारी असेल, तर अडचण दुहेरी होते. प्लॅस्टिकचे काम करणारा म्हणतो, स्प्रिंग तुम्ही आणा. स्प्रिंग करणारा विचारतो, जोर किती हवा? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांपाशी नसते.

या क्षेत्रातील नवख्यांचे पैसे बुडतात ते याच टप्प्यावर. वस्तूचे डोळ्यांना दिसणारे अंग म्हणजे तिचे प्लॅस्टिकचे वा धातूचे आवरण. साहजिकच पहिला खर्च त्याच्या साच्यावर होतो. साचा पोलादाचा असेल तर तो खर्च लाखांत जातो. साचा तयार झाल्यावर त्यात बसेल अशी स्प्रिंग शोधण्यास सुरुवात होते आणि हवा तेवढा जोर देणारी स्प्रिंग त्या जागेत मावतच नाही, असे ध्यानात येते. पोलादी साच्यात कोरून ठेवलेली जागा थोडी वाढविता येते. कमी करणे मात्र जिकिरीचे आणि खर्चाचे असते. साठवलेली पुंजी संपते आणि वस्तू माळ्यावर जाते. खरे तर क्रम उलटा हवा.

जोर किती, हाच पहिला प्रश्न

एक उदाहरण घेऊ. सांधेदुखीमुळे ज्यांच्या बोटांत जोर उरलेला नाही, अशा वृद्धांना सहज दाबता येईल असा कपडे वाळत घालण्याचा चिमटा कोणाला करावयाचा आहे, असे समजू. ही वस्तू वाटते तितकी क्षुल्लक नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या स्प्रिंगफील्ड गावचे डेव्हिड स्मिथ यांनी १८५३ साली स्प्रिंगच्या चिमट्याचे पेटंट घेतले, आणि १८८७ मध्ये त्याच राज्यातील सोलोन मूर यांनी तारेच्या वेटोळ्यावर फिरणारा चिमटा पेटंट केला. आपल्या गॅलरीतल्या दोरीवरचा चिमटा आजही मूर यांच्याच कल्पनेवर चालतो. गावाच्या नावाचा योगायोग सोडून देऊ. पहिल्या पेटंटपासून टिकाऊ रूप सापडेपर्यंत ३४ वर्षे गेली, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चिमट्याला दोन विरुद्ध गोष्टी साधायच्या असतात. पावसाळी वाऱ्यात ओली साडी सुटता कामा नये, म्हणजे पकड घट्ट हवी. आणि दुखऱ्या बोटांनी तो उघडता यावा, म्हणजे दाब हलका हवा. 'घट्ट' आणि 'हलका' या शब्दांवर कारखानदाराला काम करता येत नाही. त्याला आकडा लागतो. तो काढण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. बाजारातले चार निरनिराळे चिमटे आणावेत, त्यांचा एक पाय टेबलाच्या कडेला घट्ट धरून दुसऱ्या पायाने काट्यावर दाबावे आणि चिमटा उघडताना काटा किती ग्रॅम दाखवितो ते लिहून ठेवावे. काट्यावर टेकलेले टोक बिजागरीपासून किती मिलिमीटरवर आहे, तेही मोजावे. जोर गुणिले अंतर म्हणजे पीळ, आणि टॉर्शन स्प्रिंग करणाऱ्याला हवा असतो तो हाच आकडा. मग ज्यांच्यासाठी ही वस्तू आहे, त्या आजी-आजोबांना ते चिमटे दाबावयास द्यावेत. कोणता सहज उघडतो, कोणता नाही, यावरून मर्यादा कळते. एका दुपारचे हे काम पुढील कित्येक फेऱ्या वाचविते.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडलेला नियम शाळेत सर्वांनीच वाचलेला असतो : स्प्रिंग जितकी ताणावी, तितका तिचा जोर वाढतो. चिमट्याची सारी मेख याच नियमात आहे. १.२ मिलिमीटर जाडीची पोलादी तार, वेटोळ्याचा सरासरी व्यास १० मिलिमीटर आणि वेटोळी पाच, अशी टॉर्शन स्प्रिंग घेतली तर ती एक अंश पिळण्यास सुमारे २.२६ न्यूटन-मिलिमीटर पीळ लागतो. चिमटा मिटलेला असताना ती ६० अंश पिळलेली ठेवली, तर बिजागरीपासून ३० मिलिमीटरवरच्या जबड्यात सुमारे साडेचार न्यूटन, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम वजनाइतकी पकड मिळते. चिमटा उघडताना ती आणखी ३० अंश पिळली जाते, म्हणजे ६० चे ९० अंश. पीळ दीडपट होतो आणि दुखऱ्या बोटांना हीच वाढ जाचते.

आता वेटोळी पाचऐवजी दहा केली तर स्प्रिंग निम्मी नरम होते. तेवढीच पकड हवी असेल, तर मिटलेल्या अवस्थेत ती १२० अंश पिळून बसवावी लागेल. पण उघडताना १२० चे १५० अंश होतात, म्हणजे पिळातील वाढ फक्त एक चतुर्थांश. पकड तीच, उघडणे मात्र हलके. अर्थात याची किंमत मोजावी लागतेच. एकमेकांना चिकटलेल्या पाच वेटोळ्यांची रुंदी सहा मिलिमीटर भरते, दहांची बारा. चिमटा तेवढा रुंद झाला. साचा आधी केला असता, तर या सहा मिलिमीटरना जागा कोठून आणणार?

तारेच्या जाडीबाबत तर विशेष सावधगिरी हवी. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १.२ ऐवजी १.३ मिलिमीटरची तार वापरली, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही. स्प्रिंग मात्र सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होईल. 'जवळपास तशीच' तार घेऊन केलेला नमुना फसवा ठरतो तो यामुळे.

नवखे हमखास फसतात अशी आणखी एक जागा आहे. टॉर्शन स्प्रिंग पिळली की तिचे वेटोळे आवळते. वरील पाच वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा आतला व्यास मोकळी असताना ८.८ मिलिमीटर असतो. ९० अंश पिळल्यावर तो सुमारे ८.३ वर येतो. '८.८ च्या छिद्रात ८.५ ची पिन सहज बसेल' असा हिशेब करणाऱ्याची स्प्रिंग पिनेवर घट्ट आवळून बसते आणि दोष कारखानदाराच्या माथी मारला जातो. शिवाय अशी स्प्रिंग ज्या दिशेने गुंडाळलेली असते, त्याच दिशेने पिळली जावी, असा दंडक आहे. म्हणून ती उजवी हवी की डावी, हे ड्रॉइंगवर लिहिलेलेच असले पाहिजे.

दहा नगांचे गणित

छोटी ऑर्डर नाकारणारा कारखानदार उर्मट असतो, असा अनेकांचा समज असतो. त्याच्या बाजूनेही हिशेब पाहावयास हवा. वरील स्प्रिंगला पायांसह सुमारे २४ सेंटिमीटर तार लागते, वजन जेमतेम दोन ग्रॅम. एक किलो तारेत साडेचारशेहून अधिक स्प्रिंगा होतात. तार मात्र कित्येक किलोंच्या बंडलाने घ्यावी लागते. स्प्रिंग गुंडाळण्याच्या स्वयंचलित यंत्रावर नव्या मापाचे सेटिंग करण्यात काही तास जातात. तेवढ्या वेळात तेच यंत्र एखाद्या मोटार कंपनीच्या हजारो स्प्रिंगा काढून मोकळे झाले असते. सेटिंगचा खर्च दहा नगांना आणि पाचशे नगांना जवळजवळ सारखाच पडतो. त्यामुळे 'एका नगाचा रेट काय?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'सेटिंगसह सॅम्पलचे किती घ्याल, आणि पुढे हजार नगांना काय पडेल?' असे विचारणाऱ्याकडे कारखानदार वेगळ्या नजरेने पाहतो.

नमुन्यासाठी स्वयंचलित यंत्र लागतेच असेही नाही. लेथवर मँड्रेल लावून हाताने स्प्रिंग गुंडाळणारे जुने कारागीर औद्योगिक वसाहतींतील लहान शेडमध्ये अजून भेटतात. तार गुंडाळून सोडली की थोडी उलगडते, म्हणून मँड्रेल हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा किती बारीक घ्यायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. मोठ्या कंपनीच्या विक्री विभागाला ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा अशा शेडमध्ये एक सकाळ घालविणे केव्हाही श्रेयस्कर. महिनाअखेर मात्र टाळावी. त्या दिवसांत मोठ्या गिऱ्हाइकांचा माल काढण्याची घाई असते आणि दहा नगवाल्याकडे लक्ष देण्यास कोणाला फुरसत नसते.

त्याही आधीची पायरी तयार स्प्रिंगांची. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा परिसर येथील हार्डवेअरच्या दुकानांत नाना मापांच्या स्प्रिंगा मिळतात. जुने स्टेपलर, टॉर्च, बॉलपेन, दाराची कुलपे यांतूनही त्या काढता येतात. पहिल्या नमुन्यात हुबेहूब मापाची स्प्रिंग नसली तरी चालते. कल्पना मुळात काम करते की नाही, एवढेच तेव्हा पाहावयाचे असते. पुष्कळ कल्पना येथेच गळून पडतात. ते स्वस्तात सुटणेच म्हणावयाचे.

आवरणासाठी त्रिमितीय मुद्रण, अर्थात थ्रीडी प्रिंटिंगचा पर्याय आता शहरांत सहज उपलब्ध आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये नमुने तयार करून देण्याची सोय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था साचे आणि हत्यारे यांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्येच फॅब लॅब सुरू झाली. स्वतः यंत्रावर बसून नमुना करावयाचा असेल, तर अशी जागा उपयोगी पडते. थ्रीडी प्रिंटिंगच्या नमुन्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्प्रिंगच्या सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू वाकते आणि थरांच्या जोडावर तडकते. मुद्रित चिमट्याची पकड पंधरवड्यात सैल झाली, तर दोष स्प्रिंगचा की प्लॅस्टिकचा, हे स्प्रिंग बाहेर काढून पुन्हा काट्यावर मोजल्याशिवाय ठरवू नये. साच्याकडे वळण्यापूर्वी वीस-पंचवीस नग हवे असल्यास सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून ते करता येतात.

ड्रॉइंगवर काय असावे

कारखानदाराकडे जाताना बोलणे कमी आणि कागद नेमका असावा. तारेचा व्यास व प्रकार, स्प्रिंग पिनेवर बसणार असेल तर आतला आणि छिद्रात बसणार असेल तर बाहेरचा व्यास, गुंडाळण्याची दिशा, पायांची लांबी व त्यांतील कोन, अमुक अंशाला अमुक पीळ आणि त्यात किती फरक चालेल, एवढे पुरते. मात्र सारेच आकडे घट्ट बांधून टाकू नयेत. पीळ महत्त्वाचा असेल, तर वेटोळ्यांची संख्या थोडी कमी-अधिक करण्याची मुभा कारागिराला द्यावी. माप आणि जोर दोन्ही काटेकोर मागितले, की एक तर रेट चढतो किंवा नकार येतो. जेथे अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही, तेथे शतांश मिलिमीटरची अपेक्षा ठेवणारे ड्रॉइंग पाहिले, की अनुभवी कारखानदार ओळखतो की हे गिऱ्हाईक त्रास देणार.

तारेचा प्रकार लिहिताना 'चांगल्या प्रतीची' असे मोघम लिहून भागत नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४४५४ हे मानक स्प्रिंगच्या तारेसाठीच आहे. त्याच्या पहिल्या भागात साध्या पोलादी तारेच्या एसएल, एसएम, एसएच, डीएम आणि डीएच अशा श्रेणी दिल्या आहेत. 'एस' म्हणजे स्थिर किंवा क्वचित बदलणारा भार, 'डी' म्हणजे वारंवार बदलणारा; पुढचे अक्षर ताणशक्तीचे. चिमट्यासारखी वस्तू घराबाहेर राहणार, त्यातून मुंबई-कोकणची खारट हवा, म्हणजे गंज ठरलेला. तेथे स्टेनलेस स्टीलची तार महाग पडली तरी रास्त. स्टेनलेस तार साध्या पोलादी तारेपेक्षा किंचित नरम वागते. तेव्हा नमुना एका तारेचा आणि माल दुसऱ्या तारेचा, असे होऊ देऊ नये.

खर्च वाचविण्यासाठी साध्या तारेला झिंक प्लेटिंग करण्याचा सल्ला मिळतो. तो सरसकट चुकीचा नाही. पण त्यात एक छुपा धोका आहे. प्लेटिंगच्या प्रक्रियेत कणखर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. वरून चकचकीत दिसणारी स्प्रिंग काही दिवसांनी, हात न लावताही, मोडू शकते. यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर लवकरच स्प्रिंगा १९० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास तापविणे. प्लेटिंग करणारा वेगळा, स्प्रिंग करणारा वेगळा. सांगितल्याशिवाय हे कोणी करीलच, असे नाही. ड्रॉइंगवर तशी एक ओळ असावी.

गुपित किती राखावे

'माझी कल्पना चोरतील' ही भीती निराधार नाही, पण तिच्यापायी काही जण कारखानदाराला काहीच सांगत नाहीत आणि मग योग्य स्प्रिंगही मिळत नाही. यावर साधा तोडगा आहे. स्प्रिंग करणाऱ्याला संपूर्ण वस्तू दाखविण्याचे कारणच नसते. त्याला स्प्रिंगचे ड्रॉइंग पुरते. आवरण करणाऱ्याला स्प्रिंगचा हिशेब सांगण्याची गरज नसते. जोडणी घरी करावी.

कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर क्रम पाळावा लागतो. पेटंटसाठी शोध आधी जगजाहीर झालेला नसावा. प्रदर्शनात मांडलेली किंवा चार दुकानांत विकून पाहिलेली वस्तू पुढे अडचणीत आणते. भारतात तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख राखून ठेवता येते आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. नमुने करून पाहण्यास हा अवधी बरा. व्यक्तिगत अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाचे शुल्क आणि वकिलाचा खर्च वेगळा. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईतील अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. वस्तूचे नावीन्य तिच्या रचनेपेक्षा रूपातच असेल, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. ती १० वर्षे टिकते आणि आणखी पाच वर्षे वाढविता येते. चिमट्यासारख्या वस्तूत, जिच्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ पेटंटे निघत आली आहेत, खरोखर नवे काय, हे पेटंटच्या सार्वजनिक नोंदींत आधी शोधून पाहणे शहाणपणाचे.

दुसरी बाब साच्याच्या मालकीची. साच्याचे पैसे गिऱ्हाईक देते, साचा मात्र कारखान्यात राहतो. तो कोणाचा, दुसऱ्यासाठी वापरता येईल का, परत मागितल्यास किती दिवसांत मिळेल, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर चालणारे व्यवहार पुष्कळ आहेत आणि बहुतेक सुखरूप पारही पडतात; पण संबंध बिघडले, की साचा अडकतो आणि दुसरीकडून माल काढण्याचा मार्ग बंद होतो.

पहिले चारशे नग

अमेरिकी नौदलाच्या कामावर असलेले अभियंता रिचर्ड जेम्स यांच्या हातून १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गोदीत एक स्प्रिंग खाली पडली आणि ती पायऱ्या उतरल्यासारखी चालत गेली. त्यातून 'स्लिंकी' हे खेळणे जन्माला आले. या कथेतील स्प्रिंग पडण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरची सुमारे दोन वर्षे योग्य तार आणि वेटोळ्यांचे योग्य प्रमाण शोधण्यात गेली, हे फारसे सांगितले जात नाही. जेम्स यांनी स्वतःचा कारखाना उभारला नव्हता; उसन्या पैशांतून स्थानिक मशीन शॉपकडून त्यांनी ४०० नग करून घेतले. नोव्हेंबर १९४५ मध्ये गिम्बेल्स या दुकानात ते दीड तासात संपले. सुदैव त्यात होतेच. पण दुकानात गेलेल्या ४०० नगांमागे दोन वर्षांच्या चाचण्या होत्या.

चाचणीचे म्हणाल, तर चिमट्याची स्प्रिंग काही हजार वेळा उघडमिट करून पाहणे घरीही शक्य आहे. वायपरची जुनी मोटर आणि एक दांडा एवढ्यावर ते यंत्र होते. सुरुवातीला, मग पाचशे, हजार, दोन हजार वेळांनंतर पीळ काट्यावर मोजून लिहावा. नव्या स्प्रिंगचा जोर पहिल्या काही वेळांत थोडा उतरून मग स्थिर होतो. तो उतरतच राहिला, तर तारेवर तिच्या ताकदीपेक्षा अधिक भार पडतो आहे किंवा गुंडाळल्यानंतर स्प्रिंग तापवून तिच्यातील ताण काढलेला नाही, असे समजावे. दुसऱ्या कारणाची शहानिशा कारखानदाराला एका फोनवर करता येते. सोबत चार स्प्रिंगा मिठाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत टांगून ठेवाव्यात आणि रोज पाहाव्यात.

नमुना पसंत पडला, की त्यातले पाच नग पिशवीत घालून, ड्रॉइंगचा क्रमांक आणि तारीख लिहून दोघांनी सही करून ठेवावेत. दोन कारखानदारापाशी, तीन स्वतःपाशी. पुढचा माल आला, की पोत्यातून वरचेच नव्हे तर तळाचेही दहा नग काढून त्याच वजनकाट्यावर मोजावेत आणि मगच बिल चुकते करावे.